१२ गुंठ्यात घरचं खाणं आणि कुंपणाला औषध: आम्ही कसं केलं ते सविस्तर

आमच्याकडं कुणी पाव्हणा आला आणि परड्यातनं, म्हणजे घरच्या भाजीपाल्याच्या रानातनं, एक चक्कर मारली की हमखास विचारतोय, सुरुवात कुठनं करायची? त्याच्या डोक्यात जमीन किती, बोअर किती फूट, ड्रिप कुठल्या कंपनीचं हे चाललेलं असतंय. मी त्याला आधी वही घ्यायला सांगतो. खरंच सांगतो, जमिनीच्या आधी वही.

आम्ही घरात सहा माणसं, आई, आण्णा, आम्ही दोघं आणि दोन पोरं. मी एमआयडीसीत फौंड्रीत शिफ्टला आहे, म्हणजे शेती ही नोकरी सांभाळून, हे आधीच सांगतो, कारण दिवसभर रानात बसणाऱ्या माणसाचं गणित वेगळं असतंय. जागा पन्हाळ्याच्या पायथ्याला, १२ गुंठे, त्यातलं घर, गोठा आणि अंगण सोडलं तर पिकाला ८ गुंठे उरतात. ज्यांना अंदाज नाही त्यांच्यासाठी, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ स्क्वेअर फूट.

वही

एक महिना घरात काय काय विकत आणलं ते रोज लिहायचं, भाव नाही लिहिला तरी चालंल पण वजन लिहायचंच. बायकोनं लिहिलं तेव्हा आमचं निघालं असं: कोथिंबीर जवळपास रोज एक पेंडी, कांदा ८ किलो, टोमॅटो ५ किलो, हिरवी मिरची दीड किलो, लसूण एक किलोच्या आसपास, मेथी-पालक आठवड्याला तीन-चार पेंड्या, आणि वर वांगी, दोडका, गवार असलं. आता गंमत बघा, त्या आधीच्या वर्षी मी नर्सरीतनं ब्रोकोली आणि लाल कोबीची रोपं आणून लावलेली, ती घरात कुणीच खाल्ली नाहीत, म्हशीनं खाल्ली. वहीतल्या वरच्या दहा वस्तू तेवढ्याच पहिल्या वर्षी लावायच्या. बाकी सगळं दुसऱ्या वर्षी.

जागा

इथं मी स्वतः मार खाल्लाय म्हणून जरा थांबून सांगतो. आमचं पहिलं परडं नदीकाठच्या मळीत होतं. काळी कसदार माती, पाणी हाताशी, कुणालाही वाटंल यापेक्षा चांगली जागा नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला पूर आला, कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. वाफे, मिरचीची रोपं, आईनं चार वर्षं जपलेली हळद, सगळं आठ-दहा दिवस पाण्याखाली. हळदीचे कंद हातात घेतले तर नुसता लगदा. तेव्हापासनं मळीत ऊस, आणि खायचं रान माळावर, घराला लागून. नदीकाठी घर असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलेलं हे जुन्या माणसांना विचारा, भिंतीवर डाग असतात, त्याच्या वरच्या बाजूला हळद, सुरण, औषधी झाडं अशी बरीच वर्षं टिकवायची पिकं ठेवा, खाली फक्त दोन-तीन महिन्यात निघणारी. आणि पुराचं पाणी लागलेली पालेभाजी धुऊनसुद्धा खायची नाही, त्यात गटारापासून सगळं मिसळलेलं असतंय. पाणी ओसरल्यावर आम्ही तिथं ताग पेरला, फुलावर आल्यावर गाडला, मगच पुढचं.

माळाची माती तांबडी, मुरमाड, सुरुवातीला कुदळ मारली की ठिणगी उडायची, पण पाण्याचा निचरा एक नंबर. आणि घराजवळ रान असण्याचा मोठा फायदा म्हणजे आमटीला फोडणी टाकून बायको कोथिंबीर तोडायला जाती आणि फोडणी जळायच्या आत परत येती. म्हणून स्वयंपाकघराच्या दारापासनं दहा पावलांच्या आत कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना. लांबच्या टोकाला भोपळा, सुरण, हळद, ज्यांच्याकडं रोज बघायला लागत नाही ते.

पाणी

हजार स्क्वेअर फुटाच्या छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर ९० हजार लिटरच्या वर पाणी होतंय, वाया जाणारं सोडून ७० हजार तरी हाताला लागतंय. कोल्हापूर शहरात साधारण तेवढाच पाऊस, पन्हाळा-गगनबावड्याकडं जाल तसा वाढतोय. आम्ही पन्हाळी लावून पहिल्या दोन पावसाचं पाणी सोडून देतो (छपराची घाण धुऊन जाती) आणि नंतरचं बोअरच्या शेजारच्या शोषखड्ड्यात. मोरीचं पाणी केळी, अळू आणि कर्दळीला. त्या अळवाची पानं खात नाही, ती नुसती पाणी गाळायला.

माती

आपल्याकडं सगळ्यात मोठा शत्रू हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, उसवाल्यांना सांगायला नको. कच्चं शेण टाकलं की हुमणीला आवतण दिल्यासारखं आहे. शेणखत चांगलं काळं, भुसभुशीत, वास गेलेलं पाहिजे, निदान सहा महिने कुजलेलं. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की संध्याकाळी हुमणीचे भुंगे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, तेव्हा फांदी हलवून खाली पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे, आमची पोरं हे काम आवडीनं करतात, बॅटरी घेऊन.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, २०० लिटरचं सगळे सांगतात पण ते एकराचं माप, घरच्या परड्याला २० लिटरची बादली बास. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, तिसऱ्या दिवशी वापरायला सुरुवात आणि आठवड्याच्या आत संपवायचं. गूळ तर आपला आहेच, पण चांगला खायचा गूळ कशाला, गुऱ्हाळावरचा खरवडीचा मागून आणा.

आणि पाचट! उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, जाळणारी माणसं बघितली की जीव तुटतो. वाफ्यावर चार बोटं पाचट पसरलं की उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येतंय, भांगलण, म्हणजे तण काढणं, जवळजवळ बंद होतं. फक्त ज्या उसावर तणनाशक जास्त मारलंय त्याचं पाचट पहिल्या वर्षी नको.

वाफे

४ फूट रुंद, २५ फूट लांब, म्हणजे १०० स्क्वेअर फूट. चारच फूट का, तर दोन्ही बाजूनं हात मधोमध पोचतो, आत पाय टाकायला लागत नाही. आपल्या पावसाला वाफा जमिनीपासून ८-९ इंच उचललेला पाहिजे, नाहीतर जुलैत मुळ्या कुजतात. असे ८ वाफे पहिल्या वर्षी पुरे झाले आम्हाला. हौसेनं वीस केले तर श्रावणात तण बघून रडायला येतंय.

पालेभाजी एकदम सगळी पेरायची नाही. माझी वीकली ऑफ शनिवारी असती, एक आड एक शनिवारी अर्धा वाफा मेथी किंवा कोथिंबीर पेरतो, महिना-सव्वा महिन्यात पहिली काढायला येईपर्यंत मागची उगवलेली असती. धने रगडून दोन फाका करायचे, रात्रभर भिजवायचे.

वर्षाचा हिशोब ढोबळमानानं असा. रोहिणी नक्षत्र लागलं की वाफे तयार. मृगात दोडका, कारलं, भोपळा, भेंडी, गवार टोकायची, मिरची-वांग्याचं रोप टाकायचं, ते पाच-सहा आठवड्यांनी लावायचं. दसरा झाला की लसूण, मेथी, पालक, मुळा, गाजर, पावटा, घेवडा, कांद्याचं रोप. पाडव्याच्या आसपास चवळी, काकडी, तांदुळजा. हळद अक्षय तृतीयेला, ती निघती जानेवारी-फेब्रुवारीत, उकडून वाळवली की पाच किलो ओल्याची एक किलो होती, एवढा हिशोब धरूनच लावा. आमचा निम्मा वाफा हळद वर्षाला पुरती आणि बहिणीला पण जाती.

लसणावर जोर द्या. एका वाफ्यातनं आम्हाला ४-५ किलो सुटतो आणि तो फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, म्हणजे बरोब्बर चटणीच्या टायमाला. घरचा लसूण, घरची वाळलेली मिरची, घरचे धने, अशी कांदा-लसूण चटणी केली की वर्षभर दुसरं काही नसलं तरी भाकरी जाती. मिरचीला बोकड्या रोग येतोच, पानं आखडून होडीसारखी झाली की ते झाड उपटून लांब टाकायचं, मोह धरायचा नाही, आणि बाकीच्यांवर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५०० ग्रॅम निंबोळीची पावडर रात्रभर भिजवून गाळून १० लिटर पाणी करायचं, संध्याकाळी फवारायचं.

रानातलं ओळखायचं कसं

आता हा भाग सावकाश वाचा. रानभाज्या म्हटलं की हल्ली सगळे मोबाईलमध्ये फोटो काढून ॲपला विचारतात आणि लगेच कढईत. हे असलं करू नका. अडचण कुठं आहे बघा: रानभाजी खायची असती ती कोवळी असताना, आणि ओळखायची पक्की खूण, म्हणजे फूल, शेंग, बी, तेव्हा आलेलीच नसती. म्हणून एका वनस्पतीला एक वर्ष जातंय, जाऊ द्या. पहिल्या वर्षी नुसती बघायची. जाणत्या माणसाला जागेवर नेऊन खात्री करायची, तिथं काठी रोवून चिंधी बांधायची, कोंब, पान, फूल, शेंग असे चार वेळचे फोटो काढायचे. दुसऱ्या वर्षी त्याच जागची कोवळी पानं ओळखता आली तर खायची, पहिल्यांदा एकट्या मोठ्या माणसानं, शिजवून, थोडी, आणि एक दिवस थांबायचं. आई अशीच शिकली तिच्या आत्याकडनं आणि मी आईकडनं शिकतोय, सहा वर्षांत माझ्या पक्क्या झाल्या फक्त सात.

उदाहरण देतो. टाकळा, पहिल्या पावसात जिकडंतिकडं उगवतो. त्याच्या पानाला पानुल्यांच्या ३ जोड्या, टोकाला गोलसर, रात्री मिटतात. त्याचाच भाऊबंद कासविंदा, फुलं तशीच पिवळी, पण जोड्या ४-५ आणि पानुल्यांना टोक, चुरगळलं की घाण वास. कासविंद्याच्या बिया खाल्ल्यामुळं पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावायची, मेंदूचा ताप समजायचे, आणि डॉक्टरांनी नंतर शोधून काढलं की कारण हे झाड. जोड्या मोजायला दोन सेकंद लागतात.

कुर्डू, देठ लालसर, पुढं गुलाबी-पांढरा तुरा येतो. सोपी आहे, नवख्यानं हिच्यापासून सुरू करावं. भारंगी कडू असती, चिरून उकळायची, पाणी पिळून टाकायचं, मग भिजवलेली मूगडाळ आणि लसणाची फोडणी. शेवळं, सुरण, रानअळू यांच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते घशाला टोचतात, म्हणून चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवल्याशिवाय नाही, आणि रानटी सुरणाच्या नादाला मी अजून लागलेलो नाही.

आपल्या भागासाठी एक वेगळी सूचना. घोळ, तांदुळजा, पाथरी उसाच्या सरीत आणि बांधावर मस्त माजतात पण तिथं तणनाशक पडलेलं असतंय, आपण नाही मारलं तरी शेजाऱ्यानं मारलेलं असतंय. दुसऱ्याच्या उसातली भाजी कितीही कोवळी दिसू दे, नको. ज्या रानाची वर्षभराची माहिती आपल्याला आहे तिथलीच. आणि ज्यांना ओळखायचं जमत नाही त्यांनी पावसाळ्यात कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, कपिलतीर्थच्या मंडईत डोंगरातल्या बायका बुट्टी घेऊन बसतात त्यांच्याकडनं घ्या, कशी करायची ते पण विचारा, त्या मनापासून सांगतात. माझी पहिली भारंगी तिथलीच.

पोरांना मी खायच्या वनस्पतींच्या आधी विषारी शिकवल्या: गुंज (लाल बी, काळा ठिपका, पोरं खेळायला घेतात), धोतरा, कण्हेर, एरंडाचं बी, आणि कळलावी, जी गौरी-गणपतीच्या सुमारास आगीच्या ज्वाळेसारखी फुलती. कळलावीचा कंद सगळ्यात वाईट.

कुंपण

डोंगरातनं ओरबाडून आणण्यापेक्षा एकदा फाटा, म्हणजे फांदीचा तुकडा, आणा आणि कुंपणाला लावा, हे माझं ठाम मत आहे. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यातनं तर काही आणायचंच नाही, तो गुन्हा आहे, आणि नरक्यासारखं औषधी झाड तोडून तोडून आपल्या घाटात काय हालत झालीय ते त्या भागातल्या माणसाला विचारा. आमचं १४० फूट कुंपण आता बरंचसं औषधी आहे आणि तारेला एक रुपया घातलेला नाही.

अडुळसा आणि निर्गुडी आधी लावा, कारण दोन्हीला शेळी तोंड लावत नाही. जूनमध्ये बोटाएवढ्या जाडीचा ८-९ इंचाचा फाटा, तीन-चार डोळ्यांचा, दोन डोळे मातीत, दीड-दोन फुटावर. मध्ये मध्ये शिकेकाई, तिच्या काट्यातनं कुत्रं पण येत नाही, मात्र वाटेच्या बाजूला नको. कोपऱ्यावर कडुनिंब आणि त्यावर गुळवेल. शेवगा आणि हादगा घराच्या बाजूला. शतावरी तारेसारखी चढती, तिला हात न लावता दोन वर्षं राहू द्या.

करटोली मात्र जीव लावून करा. तिच्यात नर वेल वेगळी, मादी वेगळी. आम्ही पहिल्यांदा बी लावलं, दोन वर्षं नुसती फुलं, करटोलं एक नाही, सगळ्या नर निघाल्या. मादीच्या फुलाखाली छोटंसं काटेरी करटोलं आधीपासूनच दिसतंय, नराला नुसता देठ. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. मग फुलं असतानाच चिंधी बांधून ठेवा, वेल वाळल्यावर कंद खणून पाहिजे तिथं लावा. सकाळी लवकर नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला टेकवलं की फळ धरतंय, हे काम आमची थोरली शाळेला जायच्या आधी करती. कंद दरवर्षी आपोआप फुटतो.

औषध म्हणून किती आणि कुठवर

निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून आण्णांचे गुडघे शेकतो, त्यांना बरं वाटतंय. तोच पाला वाळवून गव्हाच्या, ज्वारीच्या कणगीत टाकतो. खोकल्याला अडुळसा, दोन पिकली पानं, आलं आणि मध, मोठ्यांनाच. अडुळशातल्या वासिसिन नावाच्या द्रव्यावरनंच पुढं कफाचं ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं, म्हणजे त्यात ताकद आहे, आणि ताकद आहे म्हणूनच गरोदर बाईला अडुळसा अजिबात द्यायचा नाही, गर्भाशयावर परिणाम होतो. सर्दीला गवती चहा, तुळस, आलं. भाजल्यावर आधी वीस मिनिटं साधं गार पाणी, कोरफड नंतर, आणि कातडी निघाली असेल तर तीही नाही.

गुळवेलीबद्दल. कोरोनात लोकांनी सकाळ-संध्याकाळ काढा प्यायला आणि त्यातल्या काहींच्या लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ ला छापल्या. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की चुकीची जात वापरली असणार, कारण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असती, जिच्या खोडावर बारीक बारीक गाठी, चामखिळीसारख्या. खऱ्या गुळवेलीची पातळ साल नखानं सोलली की आत हिरवंगार, आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी, आणि वरनं दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. आमच्या घरात ती रोज कुणी घेत नाही, वैद्यांनी सांगितली तर तेवढे दिवस, आणि शुगरची किंवा दुसरी गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगून.

तीन दिवस ताप उतरला नाही, लहान पोरगं मलूल पडलं, दम लागला, की काढा बंद आणि दवाखाना. आणि साप चावला तर पाला, चुना, मंत्र काही नाही, पाय हलवू न देता सरळ कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं दुसरं सरकारी हॉस्पिटल. परड्यात रात्री बॅटरी आणि बूट हवेच, पाचटाखाली घोणस बसती.

कोंबड्या

सहा गावरान आणि एक कोंबडा, बास. मुंगूस आणि मांजरापासून रात्री पक्की खुराडी, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर. वाफ्यात मोकळ्या सोडायच्या नाहीत, पीक निघाल्यावर दोन दिवस सोडायच्या, अळ्या-किडे वेचून साफ करतात.

बी

हायब्रीडचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी काय येईल सांगता येत नाही. गावरान बी शेजारीपाजारी, सासुरवाडीला, आठवडी बाजारात विचारून गोळा करा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ला पद्मश्री जाहीर झाली ती असंच गावरान बी जपल्याबद्दल. पहिलं आलेलं, सगळ्यात चांगलं फळ खायचं नाही, ते बियाला, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवायला लागतंय नाहीतर पाव्हण्यांच्या ताटात जातंय. दोडका आणि भोपळा वेलावरच वाळू द्यायचा. वांग्याचं, टोमॅटोचं बी धुऊन सावलीत. पेरायच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, सात तरी फुटल्या तर ते बी चालतंय, चार फुटल्या तर दाट पेरा.

ठेवायला आमच्याकडं अजून मडकीच आहेत. तळाला चुलीची चाळलेली राख, मग बियांच्या कापडी पुरचुंड्या, मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला, वर परत राख. तोंडाला फडकं बांधून आई त्यावर शेण-मातीनं लिंपती, मी खडूनं वर्ष लिहितो आणि माळ्यावर ठेवतो.